चिंच नंतर का घालायची

नागपूरच्या उत्तरेला, जरीपटक्यात, रविवारी दुपारी बऱ्याच सिंधी घरांत कढी-चावलचा बेत असतो. आपल्या ताकातल्या कढीशी या कढीचं नावापुरतंच नातं. बेसन तेलावर खमंग भाजायचं, त्यात पाणी ओतून भरपूर उकळू द्यायचं, मग गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा, बटाटा सोडायचा आणि आंबटपणाला चिंचेचा कोळ. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं इथे वसली, त्यांच्याबरोबर ही कढीही आली. मुरलेल्या हाताची बाई चिंच घालायची घाई कधी करत नाही. भाज्या शिजत आल्या की मगच कोळ पडतो. आधी घातला तर गवार कितीही उकळा, दाताखाली करकरतेच. मराठी घरांतही आमटीला चिंच-गूळ लागतो तो डाळ शिजल्यावर. कारण तेच.

हे कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढे आतड्यात जे घडतं त्याचं मूळ इथेच आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या मुख्यतः पेक्टिनच्या जोरावर. पेक्टिन ही बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या शेकडो रेणूंची लांबलचक साखळी. तिचा कणा गॅलॅक्टुरोनिक आम्लाचा. या साखळीतल्या प्रत्येक कडीवर एक आम्लगट असतो आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. पण यांतल्या बऱ्याच गटांवर झाडाने मिथिलची टोपी चढवलेली असते. टोपी असली की भार झाकला जातो. भाजी उकळताना साखळी तुटते ती नेमकी टोपी असलेल्या कडीपाशी. साध्या पाण्यात हे तुटणं चांगलं चालतं, सोडा पडला तर झपाट्याने होतं आणि चिंचेच्या आंबट पाण्यात अगदी मंदावतं. म्हणून चिमूटभर सोड्याने भाजीचा लगदा होतो आणि आधी पडलेल्या चिंचेने गवार हटून बसते.

म्हणजे कढी करणारी बाई त्या दुपारी पेक्टिनच्या साखळ्या किती लांब ठेवायच्या तेही ठरवत असते. ताटातलं पेक्टिन पचवणारं एकही एन्झाइम आपल्या शरीरात नाही. जठर, लहान आतडं असा प्रवास करून ते जवळजवळ जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे कोट्यवधी जिवाणू त्याची वाट पाहत असतात, आणि भिंतीपलीकडे आपली प्रतिकारयंत्रणा जागी असते. साखळी केवढी आहे, तिच्यावर कोणती टोपी आहे, ती कुठे कुठे आहे, यावर हे दोघेही आपापलं वागणं बदलतात. या प्रकरणाचा विषय तोच.

नागपूरकरांना पेक्टिन पाहायला लांब जायला नको. आंबिया बहाराची फळं बाजारात आली की कळमन्यात संत्र्यांचे ढीग लागतात. एक संत्रं सोला आणि सालीच्या आतला पांढरा, स्पंजासारखा थर नखाने खरवडून काढा. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, तो हा भाग पेक्टिनने भरलेला आहे. जगातलं बहुतेक व्यापारी पेक्टिन लिंबू, संत्री यांच्या सालींतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून निघतं. साल गरम, सौम्य आम्लात मुरवायची, गाळायची आणि त्या पाण्यात अल्कोहोल ओतायचं. ढगासारखा पांढरा गोळा वर येतो, तो वाळवून दळला की पेक्टिन तयार. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली या पदार्थाला नाव दिलं, तेव्हापासून जॅम-जेलीच्या धंद्यात त्याची ओळख पक्की झाली.

जॅमवाल्यांना टोप्यांचं महत्त्व फार आधी कळलं. निम्म्याहून जास्त कड्यांवर टोपी असलेलं पेक्टिन घट्ट व्हायला भरपूर साखर आणि आंबटपणा मागतं. निम्म्याहून कमी टोप्या असलेल्याला साखरेची गरज नाही, त्याला कॅल्शियम पुरतं, कारण कॅल्शियमचा धन भार शेजारशेजारच्या उघड्या ऋण भारांना बांधून टाकतो. आपल्या मिठाईवाल्यांनी हे न शिकता साधलेलं आहे. कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवल्याशिवाय पेठा होत नाही. चुन्याचा क्षार मिथिलच्या टोप्या उतरवतो आणि चुन्यातलंच कॅल्शियम उघड्या झालेल्या साखळ्यांना जखडतं. त्यामुळे तो तुकडा नंतर पाकात तासभर उकळला तरी विरघळत नाही.

झाड स्वतःही टोप्या उतरवतं, त्यासाठी त्याच्याकडे वेगळं एन्झाइम आहे. घरी काढलेला संत्र्याचा रस पेल्यात तसाच ठेवला तर थोड्या वेळाने गढूळपणा खाली बसतो आणि वर पातळ पाणी दिसू लागतं. फळातलं एन्झाइम रसातल्या पेक्टिनच्या टोप्या काढत जातं, उघड्या साखळ्या कॅल्शियमला धरून एकमेकींत गुंततात आणि तळाशी जातात. कारखान्यात रस चांगला तापवतात त्याचं एक कारण हे एन्झाइम निकामी करणं हेही आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. झाडाचं एन्झाइम एका टोकाला बसून ओळीने टोप्या काढत जातं, त्यामुळे साखळीत उघड्या कड्यांचे सलग पट्टे तयार होतात. आम्ल किंवा क्षार मात्र इथली एक, तिथली एक अशा कुठल्याही टोप्या काढतात. दोन्हींत टोप्यांची टक्केवारी एकच निघू शकते, तरी हे दोन पदार्थ निराळे असतात.

आता आतड्याच्या भिंतीकडे वळू. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा एक मोठा साठा आतड्यात आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. बाहेरचं जग आपल्या आत सर्वाधिक शिरतं ते इथूनच. मोठ्या आतड्याला आतून श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरचा थर सैल असतो आणि त्यात जिवाणू राहतात. आतला थर घट्ट असतो. निरोगी उंदरांत तो जवळजवळ जिवाणूरहित असतो, हे स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठात मालिन युहान्सन आणि गुन्नर हान्सन यांनी २००८ मध्ये दाखवलं. त्याच्या आड पेशींचा एकच पदर, आणि पदराखाली प्रतिकारपेशी. आयजीए नावाची प्रतिपिंडं इथून रोज काही ग्रॅम आतड्यात सोडली जातात. ती जिवाणूंना गुंडाळून भिंतीपासून लांब ठेवतात.

या यंत्रणेचं मुख्य काम संयमाचं आहे, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. ‘इम्युनिटी वाढवा’ असं लिहिलेल्या डब्या करोनानंतर औषधाच्या प्रत्येक दुकानात दिसतात. आतड्याची प्रतिकारशक्ती अशी सरसकट वाढली तर माणूस आजारी पडतो. क्रोन्सचा आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नेमके तसेच आजार आहेत. तिथे यंत्रणा आपल्याच जिवाणूंवर आणि आपल्याच भिंतीवर उठते. म्हणून या विषयात विचारायचा प्रश्न असा की एखाद्या पदार्थाने यंत्रणा कुठे चेतते आणि कुठे शांत राहते.

टोप्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठ रुग्णालयात पॉल द व्होस यांच्या गटाने जोडला. आतड्याच्या आणि प्रतिकारयंत्रणेच्या पेशींवर जिवाणूंची चाहूल घेणारे रिसेप्टर असतात. त्यांतला एक टीएलआर-२. तो एकटा काम करत नाही. टीएलआर-१ बरोबर जोडी जमली की दाहाचा इशारा निघतो, टीएलआर-६ बरोबर जमली की सहनशीलतेकडे झुकणारा इशारा निघतो. २०१८ मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लिंबाच्या सालीतलं पेक्टिन घेऊन त्याचे वेगवेगळ्या प्रमाणात टोप्या असलेले प्रकार तपासले गेले. जवळपास सगळ्या टोप्या उतरवलेल्या पेक्टिनने पहिली जोडी अडवली आणि दुसरीला धक्का लावला नाही. उघडे ऋण भार रिसेप्टरवरच्या धन भाराच्या जागी जाऊन बसतात, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाने उंदरांच्या लहान आतड्याला होणारा दाहही या पेक्टिनने टळला. टोप्यांनी भरलेलं पेक्टिन याच बाबतीत फिकं पडलं.

या निष्कर्षाचं वजन मोठं आहे. जिवाणूंनी आंबवण्याआधीच, निव्वळ आपल्या रासायनिक रूपाने, वनस्पतीतली साखळी प्रतिकारपेशीशी बोलू शकते. एरवी तंतुमय पदार्थ म्हटलं की आपण पोट साफ होण्यापलीकडे जात नाही. पुढच्या कामात याच गटाने टोप्यांच्या टक्केवारीइतकंच त्यांच्या मांडणीकडेही लक्ष दिलं. सलग पट्टे उघडे असलेलं पेक्टिन आणि विखुरलेल्या टोप्यांचं पेक्टिन, म्हणजे आपण रसाच्या पेल्यात पाहिला तोच फरक.

दुसरा मार्ग जिवाणूंमधून जातो. मोठ्या आतड्यात जिवाणू बहुशर्करा आंबवतात तेव्हा ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान आम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशींचं आवडतं इंधन. २०१३ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास दाखवून दिलं की ही आम्लं ‘ट्रेग’ पेशींची संख्या वाढवतात. ट्रेग म्हणजे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी. जपानच्या रिकेन संस्थेतल्या हिरोशी ओहनो यांच्या गटाने यासाठी एक फार सुंदर युक्ती वापरली. ब्युटिरेट नुसतं गिळलं तर ते वरच्या आतड्यातच शोषलं जातं. म्हणून त्यांनी मक्याच्या पिठूळ साखळीवर, म्हणजे स्टार्चवर, ब्युटिरिल गट रासायनिक बंधाने बसवला. मिथिलच्या जागी ब्युटिरिलची टोपी, असं म्हणता येईल. असा स्टार्च लहान आतड्यातून बराचसा निसटतो आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंची एन्झाइमं टोपी काढतात, तेव्हा ब्युटिरेट हवं तिथेच मोकळं होतं. हा स्टार्च दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात ट्रेग पेशी वाढल्या.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या चार्ल्स मॅके यांच्या गटाने हाच धागा पुढे नेला. पहिल्या प्रकारचा मधुमेह हा प्रतिकारयंत्रणेनेच स्वादुपिंडावर केलेल्या हल्ल्याचा आजार. तो आपोआप होणाऱ्या उंदरांना ॲसिटिल आणि ब्युटिरिल टोप्यांचा स्टार्च दिला, तर बहुसंख्य उंदीर मधुमेहापासून वाचले, हे त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. माणसांवरचा त्यानंतरचा अभ्यास लहान होता. त्यात आतड्यातले जिवाणू आणि रक्तातल्या प्रतिकारपेशी बदललेल्या दिसल्या, रक्तातली साखर मात्र सरसकट सुधारली नाही. उंदराकडून माणसाकडे येताना निकाल बहुधा असाच आकसतो, आणि वाचकाने तो आकसलेलाच धरावा.

भारताचा या कथेतला वाटा वेल्लोरचा आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी कॉलऱ्याच्या ४८ रुग्णांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचं मीठ-साखरेचं पाणी, काहींना त्यात तांदळाचं पीठ आणि काहींना लहान आतड्यात सहज न पचणारा मक्याचा स्टार्च दिला होता. या शेवटच्या गटात जुलाबाचं प्रमाण कमी राहिलं. स्टार्च मोठ्या आतड्यात पोचला, जिवाणूंनी त्याची लहान आम्लं केली आणि त्या आम्लांबरोबर सोडियम आणि पाणीही भिंतीतून आत ओढलं गेलं. शेजारच्या बांगलादेशात जी. एच. रब्बानी यांनी २००१ मध्ये जुलाब लांबलेल्या ६२ बाळांवर हिरवं केळं आणि पेक्टिन वापरून पाहिलं. चौथ्या दिवशी या दोन्ही गटांतली पाचांतली सुमारे चार बाळं बरी झाली होती. नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलेल्यांत पाचांतलं जेमतेम एक. ‘जुलाबावर कच्चं केळं उकडून द्या’ असं आजी सांगते, त्याला इतका भक्कम आधार फार कमी घरगुती उपायांना मिळाला असेल.

आता गवारीकडे. कढीत आपण कोवळ्या शेंगा खातो, पण खरा खजिना जून शेंगेतल्या बियांत आहे. त्यांतला डिंक म्हणजे ग्वारगम. मॅनोजच्या लांब साखळीवर मधून मधून गॅलॅक्टोजच्या फांद्या, अशी त्याची रचना. राजस्थानातल्या कोरडवाहू शेतांतून तो जगभर जातो आणि आइस्क्रीमपासून तेलविहिरींपर्यंत वापरला जातो. हा डिंक पाण्यात पडला की अतोनात फुगतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी त्याच्या गोळ्या विकल्या जात होत्या. त्या अन्ननलिकेतच फुगून लोकांचा घास अडकू लागला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाला कारवाई करावी लागली.

याच डिंकाची साखळी एका एन्झाइमने ठिकठिकाणी कापली की त्याचं रूप पालटतं. रेणूचं वजन लाखांच्या घरातून सुमारे वीस हजारांवर येतं. मग तो पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी पातळच राहतं. जपानमध्ये हा कापलेला ग्वारगम अन्नात घालण्याचा उद्योगच उभा राहिला. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात एन. एच. आलम यांनी तो मुलांच्या मीठ-साखरेच्या पाण्यात मिसळला, तेव्हा जुलाबाचे दिवस कमी झाले. साखर तीच, बंध तेच, फांद्या त्याच, फक्त लांबी बदलली. एका रूपात तो घशात अडकतो, दुसऱ्या रूपात आजारी बाळाला देता येतो. रासायनिक बदल ही किरकोळ बाब नाही हे पटायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पण बदल नेहमी भल्यासाठीच होतो असं नाही. घरातल्या फ्रिजमधला आइस्क्रीमचा डबा काढून त्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. आयएनएस ४१२ म्हणजे ग्वारगम, ४४० म्हणजे पेक्टिन. बऱ्याच डब्यांवर ४६६ हा आकडाही असतो. तो कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजचा. लाकडाचा किंवा कापसाचा सेल्युलोज क्षारात भिजवून त्यावर मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाची क्रिया केली की हा मिळतो. मूळ सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, याची मात्र गुळगुळीत खळ होते, म्हणून बर्फाचे खडे न होऊ देण्यासाठी तो वापरतात. २०१५ मध्ये बेनवा शासँ आणि अँड्र्यू गेविर्त्झ यांनी दाखवलं की हा पदार्थ पाण्यातून दिलेल्या उंदरांचा श्लेष्म्याचा थर पातळ झाला आणि जिवाणू भिंतीला जवळजवळ येऊन भिडले. मुळात दाहाकडे झुकलेल्या उंदरांना कोलायटिस झाला.

माणसांवरचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ निरोगी स्वयंसेवकांना ११ दिवस एकाच जागी ठेवून ठरलेला आहार दिला. त्यांतल्या काहींच्या जेवणात रोज १५ ग्रॅम कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज होता. एवढा आपण सहसा खात नाही, हे सांगितलंच पाहिजे. त्यांच्या मलातली लहान आम्लं घटली आणि दोघांच्या आतड्यात जिवाणू एरवीच्या रिकाम्या थरात घुसलेले आढळले. दोघांचा आकडा लहान आहे. पण निरोगी माणसात, इतक्या थोड्या दिवसांत हे दिसावं, ही गोष्ट मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. ज्यांना आतड्याचा दाह आधीच आहे त्यांनी तर डब्यामागचे आकडे वाचायची सवय लावूनच घ्यावी.

नैसर्गिक तंतूंचीही एक बाजू इथे नोंदवायला हवी. मतम विजयकुमार यांच्या टोलेडो विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये जिवाणूंची घडी विस्कटलेल्या उंदरांना शुद्ध इन्युलिन घातलेलं खाद्य दिलं, तेव्हा त्यांतल्या काहींना यकृताचा कर्करोग झाला. इन्युलिन हा चिकोरीच्या मुळातला, ‘प्रीबायोटिक’ म्हणून सर्रास विकला जाणारा तंतू. भाजीत एक तंतू दुसऱ्यात गुंतलेला असतो, तो हळूहळू सुटतो आणि आतड्याच्या पुढच्या भागापर्यंत पुरतो. पुडीतला शुद्ध तंतू एकदम सगळा हाती लागतो. विजयकुमार यांच्या प्रयोगावरून कोणी भाजी सोडू नये. पण भाजीऐवजी पुडी हा सौदा मला मान्य नाही.

नागपुरात यापुढे काय करता येईल, याचा विचार मी या जागेपाशी बरेचदा करतो. १९८५ साली सुरू झालेलं लिंबूवर्गीय फळांचं केंद्रीय संशोधन केंद्र या शहरात आहे. १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून सुरू झालेली, रसायन आणि अन्नतंत्र शिकवणारी संस्था इथे आहे. काटोल, वरुड, मोर्शीचा संत्रापट्टा शेजारीच आहे. रस काढल्यावर लिंबूवर्गीय फळाचा जवळजवळ निम्मा भाग साल आणि चोथा म्हणून उरतो. त्यातून पेक्टिन काढायचं तर किलोला किती निघालं हा हिशेब पुरेसा नाही. आंबियाच्या आणि मृगाच्या फळांतलं पेक्टिन वेगळं काढून त्यावर टोप्या किती, त्या ओळीने आहेत की विखुरलेल्या, साखळीची लांबी केवढी, ॲसिटिल गट किती, हे मोजलं पाहिजे. त्यातलं कोणतं पेक्टिन टीएलआर-२ ला अडवतं हे पेशींवर तपासलं पाहिजे.

आणि जो पदार्थ शेवटी बाजारात जाईल, त्याच्या पुडीवर हे सगळं छापलं पाहिजे. आज आयएनएस ४४० एवढ्या एका आकड्याखाली भरपूर टोप्यांचं पेक्टिनही खपतं आणि थोड्या टोप्यांचंही. विकत घेणाऱ्या आईला, तिच्या मुलाच्या डॉक्टरला आणि त्या मुलाच्या आतड्यासाठी औषध शोधणाऱ्या संशोधकालासुद्धा त्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.